निफाडची हवापालट

सन १९८२. मला अठ्ठावन्न पुरी झाली, निदान रेल्वेच्या कागदावर तरी. खरं वय आईला ठाऊक, आणि ती लवकर गेली. भरतीच्या वेळी बाबूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मनाला येईल ते साल लिहिलं. त्याच्या त्या एका नजरेवर मी रिटायर झालो.

मी मनमाड सेक्शनला चावीवाला होतो. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना टाकायचा, आपल्या हद्दीतली लाइन पायी चालायची आणि रूळ धरून ठेवणारी चावी कुठं ढिली दिसली की ठोकून घट्ट करायची. जाताना एका लाइनीनं, येताना दुसरीनं. नियम एकच, ज्या लाइनीवर गाडी समोरून येते त्याच लाइनीनं चालायचं. माणसाच्या पाठीला डोळे नसतात. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, पण हा नियम मला दोनदा सांगावा लागला नाही.

कुत्र्यालाही लागला नाही. रुळाखालच्या मोरीत सापडलेलं पिल्लू, मागं मागं आलं आणि नऊ वर्षं रोज माझ्याबरोबर चाललं. समोर गाडी दिसली की माझ्याआधी रूळ सोडून खाली उतरायचं आणि गाडी जाईपर्यंत गप उभं राहायचं. हातात काही अवजार न घेता लाइन बघत चालतो म्हणून लाइन दुरुस्त करणारे गँगवाले त्याला ‘साहेब’ म्हणायचे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं. गावी आमचं काही नव्हतं, माझा बापही लाइनीवरच मेला. पोरगा नाशिकरोडला बायकोबरोबर एका खोलीत राहायचा. त्याच्याकडं जायचं असं ठरलेलंच होतं. सामान न्यायला आला तेव्हा तो दारातच थबकला.

“आप्पा, कुत्रं पण?”

“मग काय इथं ठेवू?”

“मालक खोली खाली करायला लावील. आणि हिला दिवस गेलेत. ती कुत्र्याला घाबरते.”

“मग आम्ही नाय येत.”

पोरानं आईकडं बघितलं. ती हंडा घेऊन उभी होती. म्हणाली, “माझ्याकडं काय बघतो? तुझ्या बापाला बघ.”

मी ट्रंक परत खाली ठेवली. बोललो ते बोललो. माझं असंच आहे.

माझ्याकडं गँगची कंडम झालेली एक राहुटी होती. उभी जिंदगी मी राहुट्यांतून काढलेली, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. निफाडच्या अलीकडं नदीकाठी एका द्राक्षबागवाल्याचं पडीक वावर होतं. त्याला म्हणालो, बायकोला हवापालट सांगितलाय, महिनाभर राहू द्या. तो हसला. “पाहुणं, निफाडला लोक हवापालटाला येत नाय. इथली हवा माणसाला पालटवती.” पण राहू दिलं. राहुटी मी अशी ताणून ठोकली की सुतळीवर बोट मारलं तर वाजावी. भोवती चर खणला. समोर नदी, मागं हाकेच्या अंतरावर रेल्वेचा भराव. ओळखीच्या सगळ्यांना तेच सांगितलं, आम्ही दोघं सुट्टीवर आहोत. नोकरीत कधी मोकळी सुट्टी घेतली नाही, आता घेतोय. कुणाला खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

आणि पहिले काही दिवस खरंच सुट्टीसारखे गेले. मनमाडला पाण्याचे किती हाल, ते तिथं राहिलेल्यालाच कळतं. हिचं निम्मं आयुष्य नळाच्या रांगेत गेलं. इथं ती नदीत पाय सोडून बसायची. एकदा दुपारी नुसतीच बसली होती, भांडी घासून झालेली. मी म्हणालो, “काय करतीस?”

“काय नाय. पाणी वाहतंय ते बघते. कुणी भांडत नाय त्याच्यासाठी.”

बागवाला गळालेली द्राक्षं पाठवायचा. कुत्रा द्राक्षं खायचा आणि बिया थुंकल्यासारखं तोंड करायचा, त्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

मग थंडी पडली. निफाडची थंडी म्हणजे काय ते बागवाल्यांना विचारा. द्राक्षं करपू नयेत म्हणून पहाटे बांधाबांधावर शेकोट्या पेटवतात, सगळं रान धुरानं भरून जातं. हिला मुळात दमा. धूर आणि गारठा दोन्ही छातीत बसले. बोलताना मधेच थांबायला लागली. वाक्य अर्धं आज आणि अर्धं उद्या, अशी मी तिची थट्टा करायचो. ती म्हणायची, “तुमचं बरंय. तुमचं वाक्य एकच. नाय म्हणजे नाय.”

एका रविवारी पोरगा शाल घेऊन आला. आईचा श्वास ऐकला आणि राहुटीबाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“आप्पा, आई मरंल इथं. एका कुत्र्यापायी.”

“तो नऊ वर्षं माझ्याबरोबर चाललाय. तू किती चाललास?”

“निदान आईला तरी नेऊ द्या.”

ती आतूनच म्हणाली, “मी आले तर ह्यांना भाकर कोण घालील? आणि कुत्र्याला?”

पोरगा शाल ठेवून गेला. मी त्याला स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो नाही.

कुत्र्याची ड्युटी मात्र सुटली नव्हती. सकाळी उजाडलं की तो भरावावर चढायचा, नाशिकच्या दिशेनं लाइनीवरून पार लांबच्या सिग्नलपर्यंत जायचा आणि दुसऱ्या लाइनीनं परत यायचा. गाडी समोरून येईल अशीच लाइन धरायचा. बांधून ठेवला तर गळा काढायचा, मग हीच म्हणायची, सोडा त्याला, कामावर खाडा होतोय त्याचा. मीही सोडायचो. मला बरंच वाटायचं. आमच्यातलं कुणीतरी अजून कामावर होतं.

एक दिवस समोरच भरावावर गँग आली. रूळ बदलायचं काम होतं. त्यांचा मुकादम माझ्या हाताखाली शिकलेला. मी बादली घेऊन नदीकडं निघालो होतो, त्यानं वरून हाक मारली.

“तात्या! इकडं कुठं हो?”

“हवापालटाला आलोय.”

“या की वर, चहा घ्या. सांगायचंय जरा...”

वर गेलो असतो तर तोही खाली आला असता. राहुटी बघितली असती, आतला खोकला ऐकला असता, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्शनला कळलं असतं की तात्याला घर नाही. मी हात हलवला आणि नदीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आणि शेकोट्यांचा धूर एकत्र होऊन भराव दिसत नव्हता. कुत्रा गेला. मी चुलीपाशी बसलो होतो. इंजिनाचा भोंगा वाजला, लांबलचक. मी गाड्या कानानं ओळखतो. गाडी मनमाडकडून येत होती, पण आवाज ज्या लाइनीवरून यायला पाहिजे त्या लाइनीवरून येत नव्हता. मी उठलो आणि पळालो. त्या वयात भराव कसा चढलो ते आठवत नाही.

गँगवाल्यांनी त्याला बाजूला घेतलं होतं. वर गोणपाट टाकलं होतं. मुकादम डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता.

“तात्या, कालपासून नाशिककडं जायची लाइन बंद हे. दोन्हीकडच्या गाड्या ह्या एकाच लाइनीनं सोडतायत. हा बिचारा समोर बघत चालला होता... गाडी मागून आली.” गोणपाट सारखं करत म्हणाला, “तेच तर काल सांगणार होतो. आपला साहेब हितं फिरताना बघितला होता मी.”

 तो शेवटपर्यंत नियमानं चालला होता, एवढं सांगतो.

गँगनं त्यांच्याच अवजारांनी बाभळीखाली खड्डा खणला. ही कशीबशी तिथवर आली, दोनदा बसत बसत. ओंजळभर माती टाकली. गँगवाले तिच्याकडं, राहुटीकडं, बाहेर मांडलेल्या चुलीकडं आणि ट्रंकेकडं बघत होते. कुणी काही विचारलं नाही. तेच मला जड गेलं.

संध्याकाळी तिनं दोन भाकरी केल्या. रोज तीन करायची. ताट माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “त्याला कुठंतरी टाकून या असं मी एकदा तरी म्हणाले का?”

“नाय.”

“मनात तरी आणलं का, ते मला नका विचारू.”

मी भाकरीचा तुकडा मोडला. मग ती म्हणाली, “आता जाऊ या पोराकडं?”

आता अडवायला कुणी नव्हतं. पोराचं दार मोकळं झालं होतं, मालकाला बोलायला जागा राहिली नव्हती, सुनेला भ्यायचं कारण नव्हतं. सगळ्यांचं काम एका गाडीनं केलं होतं. मी म्हणालो, “आज नाय.”

ती हसल्यासारखं करून खोकली. “तुमचं वाक्य,” म्हणाली, आणि पुढचं छातीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राहुटी उतरवली, घडी केली, खुंट्या मोजून आत गुंडाळल्या आणि चर बुजवला. गठ्ठा डोक्यावर घेऊन भराव चढलो आणि मुकादमापुढं ठेवला. म्हणालो, “गँगची वस्तू गँगला. मला आता पोराकडं जायचंय. मनमाडला माझं काही राहिलेलं नाय.”

तो “तात्या, चहा तरी,” म्हणाला. मी बसलो आणि चहा घेतला. मग विचारलं, “आज कुठली लाइन बंद हे?”

त्यानं हात करून दाखवलं. मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा दाखवलं.

मग खाली गेलो, ट्रंक खांद्यावर घेतली, तिचा हात धरला आणि त्या बंद लाइनीच्या कडेनं, दर दहा पावलांवर मागं वळून बघत, तिला निफाड स्टेशनावर घेऊन गेलो.