साडेचारची हजेरी

शाळा सुटल्यावर मुलं जातात कुठे, हा प्रश्न बहुतेक लोकांना आपलं मूल घरी उशिरा आलं की मगच पडतो. शिट्टीताईला तो बावीस वर्षं रोज पडत होता. शाळा पावणेचारला सुटते, आईबाप सातला येतात, मधल्या वेळात पोरांनी करायचं काय? लहानपणी ती स्वतःच गळ्यात किल्ली अडकवून जिन्यात बसलेली होती, त्यामुळे या विषयावर तिला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे.

ती आधी एका केंद्रावर खेळ घ्यायची, शिट्टी तेव्हाची. पुढे शहरातली चौतीस केंद्रं तिच्या हाताखाली आली, पण नाव तेच राहिलं. बाई कामाला वाघ. तिने सूत्रं हातात घेतली तेव्हा नुसता सावळागोंधळ होता. गृहपाठाच्या तासाला पोरं डुलक्या काढायची, शिकवणारे कोपऱ्यावर चहा पीत उभे असायचे आणि हजेरी मात्र सगळीकडे भरगच्च. एका बहाद्दराने तर तपासणीच्या दिवशी गल्लीतली पोरं धरून आणून बसवली होती. त्याला तिने घरी पाठवलं आणि नियम केला: हजेरी बरोबर साडेचारला, एकदाच, डोकी मोजून. "साडेचारनंतरचा एकही धराल, तर गाठ माझ्याशी आहे," असं तिने भर बैठकीत सगळ्यांना बजावलं होतं.

मग तिने बस आणली. मोठ्या शाळेतली पोरं मोठा रस्ता ओलांडून एकटी चालत येत, ते तिला बघवेना. आता प्रत्येक भागात एक बस शाळेपासून निघून एकेका केंद्रावर पोरं उतरवत जाई. मग तिने तक्ते सुटसुटीत केले. पूर्वी केंद्रवाले रकानेच्या रकाने रडगाणी लिहीत. तिने शेऱ्याचा रकाना काढून टाकला. तक्त्याचा फोटो पाठवायचा, आकडा कळला की झालं. खरं सांगायचं तर तिन्ही गोष्टी चांगल्याच होत्या. कुणालाही विचारा.

त्या शुक्रवारी ती उतारावरच्या केंद्रात गेली, ती पर्समध्ये केंद्र बंद करण्याचं पत्र घेऊन. वर्षभर तिथला आकडा अकरा, दहा, अकरा. शेजारच्या वस्तीत केंद्रासाठी लोक मागे लागलेले. अकरा पोरांसाठी एवढा हॉल अडवून ठेवायचा म्हणजे काय? शिफारस तिचीच होती. साहेबांनी सही केली होती आणि सोमवारी हॉलची किल्ली परत द्यायची होती.

केंद्र सांभाळत होते काटेवाले काका. उभा जन्म कारखान्यात वजनकाट्यावर गेला, मालकाच्या मेहुण्यालाही कधी किलोभर सूट दिली नाही, म्हणून हे नाव. ताई पोचली तेव्हा ते घड्याळाकडे बघत उभे होते. साडेचार वाजले, त्यांनी बोटाने डोकी मोजली आणि तक्त्यावर लिहिलं: अकरा.

हॉलमध्ये सतरंज्या मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या होत्या. अकरा जणांसाठी एवढा पसारा कशाला, असं तिच्या मनात आलं आणि ती जरा चिडलीच. तिने पत्र पुढे केलं. काकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, परत घडी घातली.

"ठीक आहे, ताई. पण पोरांना तुम्हीच सांगा. माझ्याच्याने व्हायचं नाही."

"सांगते की. बोलवा त्यांना इकडे."

"ही अकरा तर जवळची, चालत येणारी. बाकीची यायची आहेत अजून."

"बाकीची कोण?"

काकांनी पाण्याचा पिंप भरायला घेतला.

पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर बस थांबली. ताईने खिडकीतून पाहिलं आणि बघतच राहिली. बसच्या दारातून पोरं बाहेर पडत होती, संपायचं नाव घेत नव्हती. दप्तरं भिंतीला, चपला रांगेत, ज्याची त्याची सतरंजी ठरलेली. एका मोठ्या मुलीने न सांगता लहानग्यांचा घोळका गोळा केला आणि पाढे सुरू केले. ताईने सवयीने मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत गेल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकोणसाठ भरली.

"काका, हे काय आहे?" तिने विचारलं. "ही रोज येतात?"

"रोज. बस सव्वापाचच्या मागेपुढे पोचते. आपला थांबा शेवटचा."

"मग लिहिलं का नाहीत तुम्ही?"

"साडेचारनंतरचा धरायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी कसा धरणार?" काका शांतपणे म्हणाले. "फोन केला दोनदा. ऑफिसातून सांगितलं, कागदावर लिहून पाठवा. रकाना नव्हता, म्हणून तक्त्याच्या मागे लिहीत होतो."

मागच्या बाजूचा फोटो कोण काढणार? काकांनी गठ्ठा आणून दिला. तिने एकेक तक्ता उलटला. प्रत्येकावर त्याच ठसठशीत अक्षरात एकच मजकूर होता: बस उशिरा येते, पाचनंतर साठेक मुले असतात, कृपया येऊन पाहावे. वर्षभराचे तक्ते. बस तिची, वेळ तिची, रकाना उडवला तोही तिनेच. दुसऱ्या कुणावर ओरडायची तिला फार इच्छा झाली, पण ओरडायला कुणी सापडेना.

ती तशीच बाहेर आली. बसवाला टायरवर पाणी मारत होता.

"या थांब्याला एवढा उशीर कधीपासून होतो?"

"गेल्या वर्षापासून," तो म्हणाला. "त्याआधी शेवटचा थांबा कालव्यापलीकडे होता, हा मधला होता. इथे सव्वाचारलाच यायचो. मग कालव्याचं केंद्र तुम्ही बंद केलंत, माझा वेळ वाचला, म्हणून तुम्ही याच्या आधी तीन नवे थांबे घातलेत. तेव्हापासून हा शेवटचा." पाण्याचा डबा खाली ठेवून तो सहज म्हणाला, "आता हा गेला की डेअरीजवळचा शेवटचा होईल."

ताई बसच्या पायरीवरच बसली. कालव्याचं केंद्र. हजेरी नऊ. तेव्हा तिने बैठकीत सांगितलं होतं की तिथल्या पालकांना मुलांची पर्वाच नाही, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ते आठवून तिला शिसारी आली, स्वतःचीच.

"आणि ती पोरं?" तिने विचारलं.

"आता चढतच नाहीत. शाळेच्या फाटकातून कुठे जातात, देव जाणे."

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. उतारावरचं केंद्र बंद करायचं नाही, म्हणाली. आकडे चुकलेत. कुणाची चूक, म्हणाल तर माझी, सोमवारी लेखी देते. साहेब म्हणाले, "अहो, पुढच्या महिन्यात तुमच्या बढतीचा कागद निघतोय. असलं काही लेखी देऊ नका."

"देणार आहे. आणि कालव्याचंही पुन्हा सुरू करायचंय."

"तिथे कशाला? तिथे किती मुलं होती?"

बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला आणि ताई अडखळली, असं कधी झालं नव्हतं. आकडा तिच्या जिभेवर आलाही होता. तिने तो गिळला आणि बसवाल्याकडे पाहिलं.

"मोजायचं काम माझं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "पण उभं राहायला जागा नसायची."

फोनवर साहेब पुन्हा विचारत होते, किती होती, किती.

"मला माहीत नाही," शिट्टीताई म्हणाली.