पांढरा ढोल

समुद्रपूरच्या रस्त्यावर माझी चहाची टपरी आहे आणि टपरीमागे मोबाइलचा टावर. तो टावर सांभाळणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चहा तो बशीत ओतून पितो, पण नजर वरच असते.

जमिनीखालून फायबर आलं, तेव्हा हवेतून सिग्नल घेणारा टावरवरचा पांढरा ढोल काढायला माणसं आली होती. यानं भांडून तो ठेवून घेतला. "दोन वाटा पायजेत, काकू. एक मातीतून, एक हवेतून." वाऱ्यानं ढोलाचं तोंड फिरलं तर नाही, हे तो दर महिन्याला वर चढून पाहतो. खाली आला की मशीनवर त्याचा भरवसा नसतो. मला म्हणतो, "पोरीले फोन लावून पाहा." माझी मुलगी आष्टीला दिलेली. यंदा ती पोटुशी होती.

या उन्हाळ्यात नाली खोदताना जेसीबीनं फायबर तोडलं आणि सगळ्यांचे फोन मुके झाले. तो आला, वर चढला, ढोल चालू करून उतरला.

"लावा पोरीले."

"सकाळीच बोलली ना मी."

"तरी लावा."

जावयानं उचलला. "आई, केव्हाचा लावून राह्यलो. हिले दवाखान्यात आणलं. लवकर या."

मी शेगडी तशीच सोडून निघाले. ती त्यानं विझवली आणि माझ्यासाठी एसटीला हात दाखवला.

आठ दिवसांनी नात झाल्याचे पेढे घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं पेढा घेतला, वर पाहिलं आणि विचारलं, "त्या दिवशी आवाज साफ होता ना?"