काडतुसातली लग्नपत्रिका

ये गं पिंके, अशी जवळ बस. सासरी गेलीस ती गेलीसच! आत्या जिवंत आहे का, एवढं तरी फोनवर विचारावं की नाही? असो. तुझ्या लग्नाच्या पत्रिका आम्ही बंदुकीत घालून उडवल्या, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आमचे सुभेदार फौजेतून घरी आले, पण नेमबाजीचा नाद काही सुटला नाही. लायसन आहे, परवानगी आहे, स्पर्धेची काडतुसंही घरीच भरतात. आत भरलेले छर्रे सांडू नयेत म्हणून वर जाड कागदाची गोल चकती बसवायची असते. तुझं लग्न तोंडावर आलं आणि नेमक्या चकत्या संपल्या!

"अगं, जाड कागद हाय का?"

आता जुन्या लग्नपत्रिका मी कधी टाकत नाही. वर गणपती असतो. देव उकिरड्यावर कसा टाकायचा? देवघराखाली गठ्ठा वाढत जातो. मी तेव्हा खिडकीत बसले होते. उसाला तुरे आलेले, कोवळं ऊन त्यांत अडकलेलं, सगळं शिवार रुपेरी होऊन हळूहळू डुलत होतं... (असलं काही दिसलं की मी कामातून गेलेच!) न बघताच गठ्ठा उचलून दिला.

"गणपती तेवढा सोडा हं!"

"सोडला. लय झ्याक कागद हाय गं! कुणाची पत्रिका?"

"असंल कुणाची तरी. जुन्याच हाईत सगळ्या."

आणि हा माणूस चष्मा न लावता चकत्या पाडत बसला!

स्पर्धा सांगलीजवळच्या माळावर. तुझे वडील, माझा दादा, कवठे महांकाळहून मुद्दाम बघायला आलेला. धाड! हवेत उडवलेली मातीची थाळी फुटली, मग दुसरी, तिसरी. आवाज लांबच्या टेकडीपर्यंत जाऊन विरला. मग त्या शांततेत, निळ्या आभाळातून गुलाबी, सोनेरी चकत्या तरंगत, भिरभिरत आमच्याकडे येऊ लागल्या. वाटलं, वरून कुणी अक्षताच टाकतंय! मी तर पदर पसरला.

एक चकती दादाच्या फेट्यावर उतरली. त्यानं ती चष्म्यासमोर धरून मोठ्यानं वाचली, "आमच्या पिंकी आत्याच्या लग्नाला यायचं हं!"

"शाले," दादा हळूच म्हणाला, "तुमच्या कोरेगावात वाटायला दिल्याल्या पत्रिका कुठं हाईत?"

मी बोट वर केलं. "येत्याल खाली, दादा."

देवाजवळ असाव्यात म्हणून मीच त्या जुन्या गठ्ठ्यावर ठेवल्या होत्या! त्याचा चेहरा बघवेना. पत्रिका हातात पडल्याशिवाय आमचे पाहुणे उंबरा ओलांडतील? "माझ्या पोरीच्या मांडवात निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवू व्हय गं?" म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मग काय! उरलेल्या भोकाच्या पत्रिका आणि कुंकवाचा करंडा घेऊन मी दारोदार. थोरल्या जाऊबाईंनी पत्रिका उचलून धरली. भोकातून एक डोळा माझ्याकडं बघतोय!

"मुहूर्त कुठं हाय गं?"

"तो उडाला."

"आन् कार्यालय?"

"त्येबी."

"मग ऱ्हायलं काय?"

"गणपती हाय की! त्येच्यासाठी या."

दिवस सांगितला, कार्यालय सांगितलं. वेळ सांगायची तेवढी राहिली! लग्नादिवशी आचाऱ्यानं शेगडी पेटवायच्या आत कोरेगावचे सगळे पाहुणे फेटे बांधून मांडवात हजर! दादा हसला, रडला, आणि स्वतःच चहा टाकायला पळाला.

लोक आजही सुभेदारांच्या नेमाचं कौतुक करतात. पण खिडकीत बसल्या बसल्या, न बघता, एका दमात गावभरचे पाहुणे उडवले ते मी! माझं नाव कुणी काढतं का? तू तरी मनात धरू नकोस बाई. आता जावईबापूंना घेऊन लवकर ये राहायला.