आबांच्या टाकीचं पाणी

आई गेल्यानंतर आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी मुलुंडला आणलं तेव्हा त्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. सांगलीच्या पूर्वेला आमचा दुष्काळी तालुका. तिथल्या घरात मी एकटाच राहतो, असं म्हणून ते काही महिने राहिलेही. एका सकाळी न्हाणीत घेरी येऊन पडले आणि शेजारीण ताक द्यायला येईपर्यंत तसेच पडून होते. डॉक्टरांनी सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी एकुलती एक. म्हणून आबा लेकीच्या घरी आले आणि लेकीच्या घरी राहणं त्यांना रोज टोचत राहिलं. ताट वाढलं की "एवढं कशाला" म्हणायचे. माझ्या नवऱ्याला ते पाव्हणं म्हणतात. ज्याच्या घरात राहायचं त्यालाच पाव्हणं. अधूनमधून विचारायचे, "आमच्याकडची गाडी कुठनं सुटती गं?"

स्टेशनजवळच्या दवाखान्यात त्यांना रक्तदाब तपासायला नेलं होतं. तिथं बाकांसमोर माशांची मोठी काचेची टाकी आहे. आबा बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि कंपाउंडरला म्हणाले, "ह्यांचं पानी कोन बदलतं?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो मालवणी, घाटकोपरला चाळीत वाढलेला. म्हणाला, "आमच्याकडे मासे पाळत नाहीत, तळतात." पण त्याच रविवारी तो टाकी, पांढरे खडे, पाणी फिरवणारा फिल्टर आणि सहा गोल्डफिश घेऊन आला. टीव्हीशेजारच्या टेबलावर टाकी बसली आणि आबांनी तिचा ताबा घेतला.

सकाळी नळाला पाणी आलं की त्यांचं काम सुरू. मासे वाडग्यानं काढून बादलीत सोडायचे. टाकीतलं सगळं पाणी मोरीत ओतायचं. काच नारळाच्या काथ्यानं घासायची, खडे परातीत घेऊन तांदळासारखे धुवायचे, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळायचा. मग ताजं पाणी काठोकाठ भरून मासे परत आत. आमच्या गावाकडं घरोघरी सकाळी हेच चालतं. रात्रीचं पाणी शिळं. ते जनावरांपुढं नाहीतर परसातल्या झाडाला ओतायचं, हंडा-कळशी घासायची आणि ताजं भरायचं. मीही लहानपणापासून तेच करत आले होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आबा सकाळी उठून बाह्या सरसावतात, याचंच मला समाधान होतं.

नवरा चहाचा कप घेऊन बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, "आबा, आमच्यात मासा एवढा धुतला की पुढची पायरी हळद-मीठ असते."

आबा हसले. अगदी खांदे हलेपर्यंत हसले.

मग मासे मरायला लागले. पहिला मासा दिवसभर वर येऊन तोंड उघडझाप करत होता. त्याच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. संध्याकाळी तो आडवा झाला. आबांनी त्याला गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. "काल धुन्यात कसूर ऱ्हायली," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खडे दोनदा धुतले. दुसरा गेला, तेव्हा काथ्या नवा काढला. पाणी इतकं नितळ होतं की मासे हवेत तरंगतायत असं वाटायचं, आणि त्या नितळ पाण्यात ते एकेक करून मरत होते. चौथा गेला त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "पाव्हण्यांनी हौसेनं आनल्याली," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा गाडीचं विचारलं.

मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून माशांच्या दुकानात गेले. दुकानदार एका हातानं जाळी मारत, दुसऱ्यानं पिशव्या बांधत बोलत होता.

"पाणी कधी बदलता?"

"रोज."

"किती?"

"सगळं."

"आणि स्पंज?"

"तोही रोज. नळाखाली."

त्यानं जाळी खाली ठेवली. "ताई, तुम्ही मासे पाळताय की भांडी घासताय?"

मग त्यानं नीट सांगितलं. नळाच्या पाण्यात आपल्यासाठी जे क्लोरीन टाकतात, ते माशांचे कल्ले भाजून काढतं. म्हणून पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं आणि मगच टाकीत घालायचं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, ते दुसरं विष. ते संपवणारे जिवाणू खड्यांवर आणि स्पंजात हळूहळू वस्ती करतात. नव्या टाकीत त्यांना काही आठवडे लागतात आणि आम्ही ती वस्ती रोज सकाळी धुऊन काढत होतो. त्यानं माझ्या बाटलीतलं थोडं पाणी नळीत घेतलं, वर औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं. "पिवळं राहिलं तर चांगलं. हिरवं म्हणजे विष. आता धुणं बंद. रोज थोडंसंच बदला, तेही शिळं पाणी. खाणं कमी. आणि ही नळी, हे थेंब घेऊन जा, रोज बघत राहा."

बारावीला नायट्रोजनचं चक्र मला बाणांसकट पाठ होतं. पुढे मी बी.एस्सी.ही झाले. तरी ते चक्र टीव्हीशेजारच्या टेबलावरही फिरावं लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण रस्त्यानं परत येताना मी त्याचा विचार करत नव्हते. हे आबांना कसं सांगायचं, याचा करत होते.

आबा आमच्या तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. शाळेची पिण्याच्या पाण्याची टाकी त्यांच्याकडे होती. आमच्या हातचं पाणी नको म्हणून काही शिक्षक घरून बाटली आणायचे. उघड कोणी काही म्हणत नसे, बाटल्या फक्त टेबलावर उभ्या असायच्या. आबाही कधी बोलले नाहीत. ते टाकी घासायचे. आत उतरून, कोपरा न् कोपरा, हाताची सालं निघेपर्यंत. त्यांनी भरलेल्या पाण्यात कधी कुणाला काडी सापडली नाही. त्या नोकरीवर मी शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि आज जे दोन घास सुखाचे खाते ते त्या हातांमुळे. आता त्याच माणसाला जाऊन सांगायचं होतं की तुमच्या स्वच्छ पाण्यानं मासे मेले.

नवऱ्याला म्हटलं, "तू सांग ना रे."

"वेडी आहेस का? मी बोललो तर जावयानं काम काढून घेतलं असं होईल. उद्याच गाडीत बसतील. तू लेक आहेस. तुला दोन शिव्या घालतील, विषय संपला."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी आबा बाह्या सरसावून आले. मी टाकीसमोर उभी होते.

"आबा, आज धुवू नका."

"का?"

"दुकानदार नको म्हणाला."

"त्याला काय कळतंय? दोनच ऱ्हायल्यात. आज तर नीट धुवाय पायजे."

"आबा, धुतल्यामुळंच मरतायत ते."

काथ्या त्यांच्या हातात तसाच राहिला. मी घाईघाईनं सगळं सांगत सुटले, क्लोरीन, अमोनिया, जिवाणू. त्यांच्यापर्यंत त्यातलं एकच पोचलं होतं.

"म्हंजे माझ्या हातनं मेली."

"तसं नाही आबा. मलाही माहीत नव्हतं."

"तुला म्हाईत न्हवतं. पर हात माझा हुता."

ते आतल्या खोलीत गेले. कपाटावरची पिशवी काढली आणि धोतरं घडी करून भरू लागले. मी दारात उभी राहिले.

"आबा, काय चाललंय हे?"

"हितं मी काय करतो? दोन येळा जेवतो. लेकीच्या घरात. एक काम हुतं, त्यात बी जीव घेतलं."

"असं काय बोलता? मी आज जी काही आहे, ती तुमच्यामुळं आहे."

"ते झालं की गं. ते किती दिवस पुरवून खायाचं?"

कृतज्ञता मला आयुष्यभर पुरली होती. त्यांची एक सकाळ भरायलाही ती पुरत नव्हती. म्हणून जे समोर होतं तेच बोलले. मी ऑफिसला जाणार, हेही जाणार. दोन मासे अजून जिवंत आहेत. दुपारनंतर विष वाढेल, ते वर येऊन धापा टाकतील. त्या वेळी मी रात्री भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्याचे दोन तांबे घालायला कुणीतरी घरात हवं.

आबा पिशवीचे बंद ओढत बसले. मग म्हणाले, "ही दोन बरी झाली की जानार. मग आडवायचं न्हाई."

"नाही अडवणार," मी म्हटलं.

संध्याकाळी आले तेव्हा मोरीजवळ पाण्यानं भरलेली बादली होती आणि भरलेली पिशवी खाटेखाली होती. पुढचे सगळे दिवस ती तिथंच राहिली. आबा त्यातूनच धोतर काढायचे आणि धुतलेलं त्यातच ठेवायचे.

धुणं थांबल्यावर पाणी आधी दुधासारखं पांढुरकं झालं. दुकानदारानं फोनवर सांगितलं, होतं असं, हात लावू नका. आबांना ते बघवेना. दाराची बेल वाजली की ते लगबगीनं उठून टाकीवर चादर टाकायचे. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "मासे झोपलेत वाटतं?" आबा मान खाली घालून बसले. त्यांचे हात मांडीवर एकमेकांना चोळत होते, घासायला काही नसल्यासारखे.

रोज सकाळी मी नळीत थेंब टाकायची. आबा चष्मा लावून नळी खिडकीशी धरायचे आणि निकाल द्यायचे. "हिरवं." मग शिळ्या पाण्याचे चार तांबे, टाकीतलं तेवढंच बाहेर. दुसऱ्या दिवशी, "हिरवंच हाय." मी तोंडानं अरेरे म्हणायची आणि मनातून सुटल्यासारखं वाटायचं. ते मासे जगावेत म्हणून मी देवापुढं हात जोडत होते आणि ते बरे होऊ नयेत असंही मला वाटत होतं. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो हसला नाही.

पाणी हळूहळू निवळलं. काचेवर हिरवट थर धरला होता, खडे पिवळट पडले होते आणि त्या मळकट टाकीत दोन्ही मासे शेपट्या पसरून हिंडत होते. एका सकाळी आबांनी नळी खिडकीशी धरली आणि चष्मा पुसून पुन्हा धरली. मग माझ्याकडे दिली. पिवळं होतं. हिरव्याची छटासुद्धा नव्हती. चुकून थेंब कमी पडले असतील असं मी म्हणू शकले असते.

"चांगलं आहे, आबा," मी म्हटलं.

"उद्या बी बघू."

दुसऱ्या दिवशीही पिवळं, तिसऱ्याही. नवरा खूश. "झकास! आता आठवड्यातून एकदा थोडं पाणी बदललं की झालं, काही बघायला नको."

आबांनी मान डोलावली. "मग रविवारी बसतो गाडीत."

अडवणार नाही असं मी कबूल केलं होतं. शनिवारी ऑफिसमधून येताना त्या दुकानात गेले. नवा मासा सोडला की घाण वाढते, जिवाणू पुरे पडत नाहीत आणि पाणी पुन्हा बिघडू शकतं, हे दुकानदारानंच मला सांगितलं होतं. मी एक मासा मागितला.

आबा खाटेवर बसले होते. मी पाण्याची पिशवी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली, उजेडात फिरवून बघितली. मासा लहान होता, बोटाएवढा.

"ह्याच्यानं पानी बिघडंल न्हवं?"

"बिघडेल."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून त्यांनी माशाची बांधलेली पिशवी तशीच टाकीच्या पाण्यावर अलगद तरंगत ठेवली, म्हणजे आतल्या माशाला पाण्याची सवय व्हावी. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले.

"एकच आनलास?"

"एकच."

"बरं केलंस," आबा म्हणाले. "बादली भरून ठिव."