नववा प्रश्न

आरोग्यसेविका शकीलाबाई नववा प्रश्न घरात विचारीत नसत. मनाच्या आजारांची प्रश्नावली घेऊन त्या नळदुर्गच्या आसपास गावोगाव हिंडत. प्रश्न नऊ. झोप, भूक, थकवा, कामात मन न लागणे. आणि शेवटचा, जगणे नकोसे वाटते का. पहिल्या आठांच्या खुणा रेखीव असत. नववी वाकडी, उभ्याने केलेली.

मी त्यांचा वरिष्ठ डॉक्टर. नऊही प्रश्न एका बैठकीत विचारावेत, असा नियम होता. मी खुलासा मागवला.

“घरात इचारलं की सासूच न्हाय म्हणती, साहेब,” त्या म्हणाल्या. “एक दिस संगं या. ऊन लई हाय, तेवढं सोसा.”

जळकोटच्या शिवारातल्या एका वस्तीवर गेलो. संगीता नावाची सून भिंतीला टेकून बसली होती. झोपेचा प्रश्न निघताच सासू तूर पाखडता पाखडता म्हणाली, “झोपती की! उठवावं लागतं.”

“आत्याबाई, तुमचा फॉर्म येगळा भरू. तुमाला उत्तरं लई येतात.”

सासूही हसली. आठ प्रश्न झाले. आजार म्हणावा असे काही निघाले नाही. शकीलाबाईंनी पिशवी उचलली. “चल गं संगीता, फाट्यापर्यंत सोड मला.” पाहुणीला पोचवायला कोणती सासू नको म्हणेल?

मला त्यांनी दहा पावले मागे राहायला सांगितले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, उन्हात विरघळल्यासारखी. महामार्गावरचे ट्रक दिसत. आवाज येत नसे. पुढे दोन पदर, एकमेकांकडे किंचित झुकलेले. बोलणे ऐकू येत नव्हते. कदाचित ते नव्हतेच. अजूनही दुपारी डोळा लागला की तो रस्ता येतो, आणि संपत नाही.

फाट्यावर एसटी आली. शकीलाबाईंनी हात केला नाही. एसटी गेली. मी घड्याळ पाहिले. मान वर केली तेव्हा संगीता मातीत बसली होती.

“रोज वाटतं, बाई. रोज. पण घरी नगा सांगू. येडी म्हणून माहेरी धाडतील, लेकरू ठिवून घेतील.”

आम्ही परत गेलो. सासू दारातच होती. “काय झालं?”

शकीलाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. खोटे बोलण्याची मला सवय नव्हती.

“रक्त कमी दिसते,” मी म्हणालो. “आजच दवाखान्यात न्यावे लागेल. काही दिवस ठेवून घेऊ.”

“मग लेकरू बी न्या संगं. तिच्याबिगर ऱ्हात न्हाय ते,” सासू म्हणाली, आणि भाकरी बांधायला आत गेली.

संगीता उपचारांनी बरी झाली. घरी काय सांगायचे ते तिने पुढे स्वतःच सांगितले. शकीलाबाई नोकरीत असतानाच वारल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलींना मी निवृत्त होईपर्यंत शिकवले. नियम तोच होता. तो मी वाचून दाखवीत असे. मग कागद मिटून सांगत असे, चपला चालण्याजोग्या घ्या.