काळूराम रूम दाखवतो

आसनगाव स्टेशनच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेमागे, एक पत्र्याची टपरी आहे. तिच्यावर 'काळूराम – रूम भाड्याने व विकत' असा बोर्ड आहे. आडनाव नाही, नुसतं काळूराम. आमच्या कैवल्य पार्कातले लोक त्याला काळूशेठ म्हणतात आणि ते त्याला आवडतं, हे लपत नाही.

मीही त्याचंच गिऱ्हाईक. रिटायर झालो, परळची खोली भावाभावांच्या वाटणीत विकली गेली, आणि बायकोला घेऊन मी इथं घर बघायला आलो. काळूरामने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, मूळ गाव कुठलं, आडनाव काय, खाणंपिणं कसं. चहा संपायच्या आत त्याचं ठरलं होतं. 'तुमाला कैवल्य पार्क,' तो म्हणाला. मला वाटलं, माणूस पारखी आहे. बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, 'स्थळ जुळवतात तसं घर जुळवतोय हा.' ती बरोबर होती. ती बरोबर असते याचा मला आयुष्यभर वैताग आहे.

काळूरामच्या डोक्यात सगळ्या गावाची वाटणी पक्की होती. स्टेशनजवळच्या लिफ्टच्या इमारती मुंबईहून सरकत आलेल्या आमच्यासारख्या पांढरपेशांच्या. नाल्यापलीकडच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगा रिक्षावाल्यांच्या, शिपायांच्या, सिक्युरिटीवाल्यांच्या. त्यातही बौद्ध कुटुंबांना तो एका बिल्डिंगमध्ये न्यायचा आणि मुसलमानांना दुसऱ्या. हायवेकडच्या पत्र्याच्या चाळी गोदामात राबणाऱ्या यूपी-बिहारच्या पोरांच्या. जुन्या गावात कुणब्यांच्या आळ्या. डांबरी रस्ता संपून माळ लागतो तिथं आदिवासींचा ठाकूरपाडा आणि त्याच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला, कातकरीवाडी. नळाचं पाणी याच क्रमाने बारीक होत जातं. ठाकूरपाड्यात ते एक दिवसाआड येतं, कातकरीवाडीत नळच गेलेला नाही.

चुकीच्या आडनावाचा माणूस चांगल्या नोकरीचा असला, हातात पैसा घेऊन आला, तरी काळूराम त्याला आमच्याकडे आणत नसे. 'ती रूम कालच गेली हो,' असं तो इतक्या हळहळीने सांगायचा की गिऱ्हाईकच त्याची समजूत काढायचं. मी एकदा त्याला छेडलं तेव्हा तो गंभीर झाला. 'काका, माझ्या गिऱ्हाइकाला कोनी दारातनं परत धाडलेला नाय. माणसाचा अपमान होऊ देत नाय मी.'

हा माणूस राहतो कुठं, ते मला अपघातानेच कळलं. सकाळी फिरायला जाताना मी एकदा माळापर्यंत गेलो. ठाकूरपाड्यात, कुडाच्या भिंतींच्या घरासमोर काळूराम नुसत्या बनियनमध्ये बसून दात घासत होता. शेजारी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक म्हातारी नाचणी पाखडत होती. ती त्याची आई, बाईजा. काळूराम धडपडत उठला, शर्ट शोधायला आत पळाला. त्याच्या बायकोने, बारकीने, मला कोरा चहा दिला. परत निघालो तेव्हा तो पाड्याच्या टोकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, 'काका, बिल्डिंगमधी बोलू नका.' म्हणजे आमच्या लोकांना ठाऊकच नव्हतं. त्याची भाषा स्टेशनवरची, शर्ट इस्त्रीचा, सगळ्यांनी त्याला जुन्या गावातला कुणीतरी मानलं होतं. त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. मी कुणाला बोललो नाही.

त्याची मुलगी रविना नर्सिंग शिकली आणि तिला कल्याणच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. पाड्यातली पहिली नर्स. काळूरामने स्टेशनवर पेढे वाटले, वडापाववाल्याला दोन दिले. पण दुपारची पाळी संपवून ती रात्री उशिरा आसनगावला उतरायची तेव्हा माळाकडे जायला एकही रिक्षा तयार नसे. कधी बाप मोटारसायकल घेऊन उभा राही, कधी तिला हॉस्पिटलातच बाकावर झोपावं लागे. महिनाभरात मेट्रनने सांगून टाकलं, इथं बाकावर झोपायचं नाही, स्टेशनजवळ राहायची सोय कर, नाहीतर आम्हाला दुसरी मुलगी बघावी लागेल.

रविना टपरीत आली तेव्हा मी तिथं पेपर वाचत बसलो होतो. मला रोज फुकट पेपर मिळतो, एवढी तरी दलाली मी वसूल करतो.

'बाबा, कैवल्य पार्कात रूम खाली हाय ना?' तिने विचारलं.

'नाल्यापलीकडं बघतो गो तुझ्यासाठी. चांगली रूम हाय.'

'तिथं रस्त्यावर दिवे नायत. पंधरा मिनिटं चालायचं त्या अंधारातनं?'

'कैवल्य पार्कात नाय जमायचं.'

'कोन बोललं नाय जमायचं? तू विचारलंस?'

काळूरामने आयुष्यात तिथं विचारलंच नव्हतं, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं तो धरून चालला होता. मी पेपर खाली केला. 'अरे, भावनाताईंचा फ्लॅट आहे ना तुझ्याकडे? लाव फोन,' मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच होता. या मुलीला अंधारात चालवायचं आणि आम्ही लिफ्टने वर जायचं, हे मला एकाएकी असह्य झालं.

फ्लॅटच्या मालकीण भावनाताई ठाण्याला राहतात. फोनवर काळूराम जमिनीकडे बघत बोलला. 'ताई, नर्स हाय. एकटी राहील. माझी मुलगी हाय ती. आमी ठाकूर हाव, ताई. आदिवासी.' पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, 'हो बोलल्या. बोलल्या, नर्स असली तर बरंच, भाडं वेळेवर येईल.' आणि मग खुळ्यासारखा हसत सुटला. रविनाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण सवय अशी सुटत नाही. भाडेकरू आणायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घालायचं, हा काळूरामचा स्वतःच घालून घेतलेला नियम. कमिटीने तसं कधी मागितलेलं नव्हतं. तो त्याच संध्याकाळी सेक्रेटरींकडे गेला. आपण स्वतः ठाकूरपाड्यातले आहोत हे मात्र त्याने गिळलं. 'आपलीच मुलगी आहे, गावाकडची, ठाकूर समाजातली नर्स' एवढंच त्याने सांगितलं असावं आणि सेक्रेटरींनी 'मुलगी' म्हणजे मानलेली मुलगी असा अर्थ घेतला असावा. आपल्याला सोयीचं तेच आपण ऐकतो.

दुसऱ्या दिवशी तो टपरीत खुशीत आला. 'झालं काम. सेक्रेटरी बी हो बोलले. फक्त एक हाय, गावाकडची माणसं सारखी यायला नकोत. एवढंच.' हे त्याने इतर अटींसारखंच सांगितलं. मोटारसायकल गेटबाहेर लावा, गच्चीवर पापड वाळवू नका, त्यातलंच एक.

रविना दोन घोट चहा प्यायली. मग म्हणाली, 'म्हंजे आजी नको?'

'आजी कशाला येतेय इतक्या लांब.'

'आई?'

'आई आली तं येईल कधी एकदा. सणाला.'

'आनि तू?'

काळूरामने बाहेर बघितलं. समोर रिक्षावाला भाड्यावरून कुणाशी भांडत होता, त्याचा आवाज टपरीत येत होता. 'मी तं एजंट हाय ना,' तो शेवटी म्हणाला.

'माझ्या घरी एजंट म्हणून येशील?'

ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच त्याला लागलं. इतकी वर्षं माणसांना योग्य दारात नेऊन सोडणारा हा गडी तिथं बसून लहान मुलासारखा रडला. मला कुठं बघावं कळेना. रविना त्याच्याजवळ जाऊन बसली, पण शब्द मागे घेतला नाही.

'मालकीण हो बोलली ना,' ती म्हणाली, 'मग सेक्रेटरीला विचारायला तुला कोनी सांगितलं होतं?'

पुढच्या रविवारी ती राहायला आली. गेटपाशी टेम्पो थांबला. पुढे काळूराम, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे बारकी, डोक्यावर भांड्यांची पाटी. पाड्यातली आणखी चारपाच माणसं गादी, गॅस, टेबलफॅन घेऊन. आणि सगळ्यांच्या मागे बाईजा, गुडघ्यापर्यंतच्या लुगड्यात, नातीसाठी नाचणीच्या पिठाचं गाठोडं बगलेत. लिफ्ट बंद होती, ती रविवारी बंदच असते, त्यासाठी आम्ही मेंटेनन्स भरतो. सगळे जिन्याने निघाले. मीही टेबलफॅन धरला होता.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरी आडवे आले. आधी माणसांकडे बघितलं, मग काळूरामकडे. 'काळूशेठ, ही सगळी कोण?'

'ही माझी आई,' काळूराम म्हणाला. 'ही बायको. आमी ठाकूरपाड्यातले. तुमची ती अट आमाला नको.'

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. 'तुम्ही कधी बोलला नाहीत.'

'बोललो असतो तं तुमच्याकडं चहा मिळाला नसता, असं वाटायचं मला. इतकी वर्षं तेच वाटत होतं. खरं होतं काय ते? तुमी सांगा.' त्याने मान खाली घातली नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि आमच्या बिल्डिंगची लाज.

सेक्रेटरी बाजूला झाले नाहीत, कठड्याला हात धरून तसेच उभे राहिले. जिन्यात सगळे ओझी घेऊन खोळंबले. वरच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली. सर्वांत खालच्या पायरीवरून बाईजा एकेकाला बाजूला सारत वर आली. अट काय, सेक्रेटरी म्हणजे कोण, तिला काहीच कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं की एक माणूस वाटेत उभा आहे.

'सर रे बाळा,' ती त्यांना म्हणाली, 'नातीच्या घरी जायचंय मला.'