गुरवआबांचं गाऱ्हाणं

गुरवआबा देवाशी आणि बांगडेवालीशी एकाच सुरात बोलत. घासाघीस दोघांशीही. असल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? मी रत्नागिरीहून एसटीने येऊन संगमेश्वराकडच्या खेड्यांत एड्सची पत्रकं वाटत असे. देवळातला माणूस म्हणजे लबाड, हे तर मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचूनच शिकलो होतो.

त्यांच्या गावचा सुरेश मुंबईतल्या हॉटेलातून हा आजार घेऊन परतला होता. त्याच्याकडे कोणी पाणी पीत नव्हतं. शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते. यंदा ती सुरेशच्या घरी न्यायची नाही, असं मानकऱ्यांनी ठरवलं. म्हणजे घर वाळीतच पडलं. त्याची आई रोज देवळाच्या पायरीवर येऊन रडायची. आबा तिला अंगारा देत, बाकी गप्प. हे मानकऱ्यांना सामील आहेत, असं मी धरून चाललो. त्यांच्या अंगाऱ्यावर तर माझा आजही विश्वास नाही.

एकदा त्यांनी माझं पत्रक पुढे केलं. वर लाल अक्षरांत मथळा, माझाच : ‘मुंबईहून मृत्यू येतो आहे!’

“ह्यो कागद सुरेशच्या दारावर डकवलानी हाय.”

मी वरमलो नाही, उलट भांडलो. “खाली वाचा की! शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही.”

“खाली कोन वाचतंय, बाळा? परत सांग.”

तीनदा वदवून घेतलं. म्हातारा टिंगल करतोय, असंच वाटलं.

शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर बसली. आबांनी नारळ धरून गाऱ्हाणं घातलं. दर वाक्याला गाव ओरडत होतं, “व्हय म्हाराजा!” शेतं झाली, गुरं झाली, चाकरमानी झाले आणि त्याच सुरात आबा म्हणाले, “शिवल्यान होत नाय, जेवल्यान होत नाय, असा सुरेशचा आजार. त्याच्या दारात तू पयला जानार हायस, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग मानकरी एकमेकांची तोंडं बघू लागले. पण देवासमोर दिलेला होकार फिरवायची कुणाची छाती नव्हती. पालखी गेली. सुरेशच्या ओटीवर टेकून आबांनी पाणी मागितलं आणि सगळ्यांदेखत तांब्या रिकामा केला.

सुरेश गणपतीआधी गेला. तिरडीला खांदे गावातलेच मिळाले. स्मशानातून परतताना मी आबांना ऐकवलंच, “तो होकार तुम्ही फसवून घेतलात.”

“मग जा. सांग तसं मानकऱ्यांना.”

मानकरी पुढेच चालले होते. त्यांच्या घरच्या बायका पेजेचं पातेलं घेऊन सुरेशच्या आईकडे निघाल्या होत्या. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.